"अ‍ॅव्हरेज काय देते?" – एका व्हॅनचा इतिहास

मुरबाड-शहापूरकडे जुनी व्हॅन विकायला निघाली, की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, "अ‍ॅव्हरेज काय देते?" रंग, टायर, शिटा हे सारे मागाहून. प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर गाडीच्या सालावर अवलंबून असते. म्हणून तो इतिहास थोडक्यात पाहू.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० ही मोटार आली आणि १९८४ साली तिच्याच धर्तीच्या इंजिनावर मारुती व्हॅन निघाली. इंजिन ७९६ सी.सी.चे, सिलिंडर तीन, गिअर चार. १९८८ साली तिचे नाव ओमनी झाले. इंजिन सारखेच, मग व्हॅन पेट्रोल जास्त का पिते? तर तिचा उभा, चपटा तोंडवळा वाऱ्याला आडवा येतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. त्यात माणसांचे, भाजीच्या गोण्यांचे ओझे. म्हणून कल्याणच्या रस्त्याला काटकसरी वाटणारी गाडी माळशेज घाटात खादाड होते.

पहिल्या गाड्यांत हवा-पेट्रोलचे मिश्रण कार्ब्युरेटर करी. त्याचे जेट झिजले किंवा हवेचा फिल्टर धुळीने भरला, की मिश्रण दाट होई आणि पेट्रोल धुरावाटे वाया जाई. २००० सालाच्या सुमारास धुराचे कडक नियम आले आणि कार्ब्युरेटर जाऊन इंधनाची फवारणी आली. मोजून पेट्रोल सोडण्याचे काम यंत्राने घेतले. बाहेरून जुळ्या बहिणी दिसणाऱ्या दोन ओमनींत फरक पडतो तो इथे.

२०१० साली इको आली. इंजिन ११९६ सी.सी.चे, गिअर पाच. नव्या सुरक्षा-नियमांमुळे २०१९ साली ओमनी बंद झाली. इकोच्या जुन्या इंजिनाचा चाचणीतला आकडा लिटरला १६.११ किलोमीटर होता. २०२२ च्या नव्या इंजिनाचा तो १९.७१ झाला, आणि सी.एन.जी.वर किलोला २६.७८.

इथे जरा सावध राहा बरे का! गॅस किलोने मिळतो, पेट्रोल लिटरने. एक लिटर पेट्रोल भरते साधारण पाऊण किलो. म्हणजे किलोचा हिशेब धरला, तर पेट्रोलवरही गाडी सुमारे २६ किलोमीटर जाते. गॅसचा फायदा आहे तो भावातला. त्यावर इंजिन काही अधिक काटकसरी होत नाही.

शिवाय हे आकडे प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर काढलेले. तिथे खड्डे नाहीत की चढण नाही. आपल्या गाडीचा खरा आकडा आपणच काढावा. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपावेत, चार-आठ दिवसांनी पुन्हा काठोकाठ भरावी. जितके लिटर मावले, त्याने चाललेल्या किलोमीटरना भागावे.

शिक्षकांनी फळ्यावर मांडण्याजोगे उदाहरण देतो. समजा, गाडी रोज ६० किलोमीटर चालते. लिटरला १५ पडले तर ४ लिटर लागतील. १२ पडले तर ५. रोजचे एक लिटर, वर्षात ३०० दिवसांचे ३०० लिटर. भाड्यावर घर चालवणाऱ्याची एवढी कमाई धुरातून जाते. तेव्हा जुनी गाडी घेताना नुसती किंमत पाहू नका. साल विचारा, फिल्टर उघडून बघा आणि मगच इसार द्या.