पेढीवरून फळ्याकडे



मराठीच्या प्राध्यापकाने वाणिज्यशिक्षणाच्या इतिहासावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझी या विषयाशी ओळख झाली ती शब्दांच्या वाटेने. जुने मोडी कागद वाचताना जमा, नावे, कीर्द, खतावणी, तेरीज, मेळ हे शब्द पानोपानी भेटत. त्यांचे अर्थ कोशात सापडत. परंतु ही विद्या कोणापाशी होती, ती कोण कोणाला शिकवीत असे आणि ती शाळेच्या फळ्यावर केव्हा आली, हे कोश सांगत नाही. त्याचा माग काढीत गेल्यास आपण मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजपाशी येऊन पोहोचतो, आणि तेथून एक वाट थेट आपल्या निपाणीकडे येते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर या भागातील शेतकऱ्यांच्या मुलांना अंकगणित शिकविले. तेव्हा हा विषय येथे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

हिशेब ही आपल्याकडे परकी विद्या नव्हती. दफ्तर कसे ठेवावे हे सांगणारे 'मेस्तक' परंपरेने हेमाडपंताच्या नावावर सांगितले जाते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी सावकारांवर स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे. राज्यकर्त्यांना व्यापाराचे महत्त्व कळत होते, यात शंका नाही. पण ती विद्या शिकण्याची जागा म्हणजे पेढीची गादी. मुलाने मुनिमाजवळ बसावे, दौत भरून द्यावी, निरोप पोहोचवावेत, आणि बरीच वर्षे गेल्यावर त्याच्या हाती कच्ची कीर्द यावी. खतावणी दिसे ती घरच्या मुलाला किंवा अत्यंत विश्वासातल्या गुमास्त्याला. दिवाळीला वहीपूजन होई. वही पूजेची, आणि म्हणूनच बाहेरच्याने उघडण्याची नव्हे. बाजारात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या हातात मात्र आडत, हमाली, तोलाई वजा केलेली पट्टी पडे. ती बरोबर की चूक हे पडताळण्याचे साधन त्याच्यापाशी नसे. ज्ञान जातीत आणि घराण्यात कोंडलेले असणे म्हणजे काय, हे वेदविद्येच्या उदाहरणाने आपण नेहमी सांगतो. खतावणीचे उदाहरण मला तितकेच बोलके वाटते.

१९१३ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवावे. त्या वर्षी मुंबईत सरकारने वाणिज्य महाविद्यालय काढले. मद्रासेत पचय्यप्पा धर्मादाय निधीच्या विश्वस्तांनी १८८६ मध्ये वाणिज्यशाळा काढली होती, मुंबईतही १९०० पासून दावर यांचे खाजगी कॉलेज चालत होते. पण विद्यापीठाची पदवी देणारे वाणिज्य महाविद्यालय हे नवे होते, आणि आशिया खंडातील असे पहिले महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. नाव पडले गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे. याच गव्हर्नरांच्या अमदानीत, १९०८ मध्ये, टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठविण्यात आले. इतिहासाला अशा विसंगतींचे वावडे नसते. त्याच १९१३ साली नवा कंपनी कायदा झाला आणि कंपन्यांच्या हिशेबांची तपासणी पात्र माणसांकडून होणे आवश्यक ठरले. पुढे १९१८ मध्ये मुंबई सरकारने हिशेबनिसांसाठी पदविका सुरू केली. ती परीक्षा आणि मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी पुरी करणाऱ्यास हिशेबतपासणीचा परवाना मिळू लागला. खतावणी आता कायद्याने दुसऱ्याला दाखवावी लागणार होती. घरातल्या विश्वासाची जागा परीक्षेच्या प्रमाणपत्राने घ्यायला सुरुवात केली, ती येथून.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षीची. १९१३ मध्येच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी झाले. पाच वर्षांनी, १९१८ च्या नोव्हेंबरात, ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये, नेमणूक तात्पुरती. प्राचार्य होते पर्सी अँन्स्टी. (हे गृहस्थ १९२० मध्ये पटकीने वारले. त्यांच्या पत्नी व्हेरा अँन्स्टी यांनी पुढे भारताच्या आर्थिक विकासावर नावाजलेला ग्रंथ लिहिला.) नव्या प्राध्यापकांकडे विद्यार्थ्यांनी प्रथम फारसे लक्ष दिले नाही, पण व्याख्यानांची कीर्ती झाली, तशी दुसऱ्या कॉलेजांतील मुले परवानगी काढून वर्गात येऊन बसू लागली. धनंजय कीरांच्या चरित्रात याच्या शेजारीच दुसरी हकीकत आहे. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यातून आंबेडकरांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

या दोन हकीकती मला एकमेकींपासून तोडता येत नाहीत. व्यापाराची विद्या जन्माच्या अटीवाचून मिळावी यासाठी जी वास्तू उभी राहिली, तिच्या फळ्यापुढे सर्वांत अधिकारी माणूस उभा होता, आणि त्याच वास्तूत पाण्याला जन्माची अट होती. १९१८ सालीच त्यांचा शेतीच्या लहान तुकड्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. शेताचा आकार नुसत्या लांबीरुंदीवर ठरवू नये, त्या शेतात भांडवल आणि अवजारे किती लागतात त्यावर ठरवावा, आणि शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांनी उचलावा, असा त्यांचा विचार होता. कंग्राळीच्या शिवारात ज्यांच्या वाट्याला आज गुंठ्यांनी मोजण्याइतकी जमीन उरली आहे, त्यांना हा निबंध जुना वाटणार नाही.

१९२० च्या मार्चमध्ये त्यांनी कॉलेज सोडले. त्याच महिन्याच्या २१ आणि २२ तारखांना कागल जहागिरीतील माणगाव येथे परिषद भरली; अध्यक्ष डॉ. आंबेडकर आणि उपस्थित राजर्षी शाहू महाराज. साठविलेला पगार, महाराजांचे आणि एका मित्राचे साहाय्य यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ निघाला. १९२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या निपाणीत मुंबई इलाखा बहिष्कृत परिषद झाली, तीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली. दोन महिन्यांनी, जूनपासून, ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले आणि १९२८ च्या मार्चपर्यंत शिकवीत राहिले. निपाणीच्या परिषदेचे स्मरण आपण ठेवतो, ते योग्यच. बाटलीबॉयच्या वर्गाचे मात्र कोणी ठेवीत नाही.

यानंतरचा विस्तार थोडक्यात सांगतो. दीर्घकाळ इलाख्यातील विद्यार्थ्याला या शिक्षणासाठी मुंबई गाठावी लागे. १९३६ मध्ये अहमदाबादला, १९४१ मध्ये मुंबईतच पोदार आणि १९४३ मध्ये पुण्याला डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघाले. या शेवटच्या नावावरून पुष्कळांचा असा समज होतो, की ते एखाद्या भाषिक चळवळीतून आले असावे. वस्तुतः ते देणगी देणाऱ्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचे नाव आहे. साखरेच्या पैशातून मराठी मुलखात वाणिज्याचे कॉलेज उभे राहावे, हे सहकारी कारखानदारीच्या आधीचे आहे, हे ध्यानात घ्यावे. तेथे प्राचार्य दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ लाभला.

स्वातंत्र्यानंतर हिशेबापुढे जाऊन 'व्यवस्थापन' हा शब्द आला. १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे केंद्राच्या संस्था झाल्या. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था काढली. आपल्या बाजूला ही लाट उशिरा आली, पण आली ती आपल्याच माणसांच्या हातून. कोल्हापुरात १९७६ मध्ये डॉ. ए. डी. शिंदे यांच्या पुढाकाराने व्यवसायशिक्षणाची संस्था निघाली आणि तिला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. गडहिंग्लजचे शां. ब. मुजुमदार वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी पुण्यात सिंबायोसिस उभी केली आणि १९७८ मध्ये तिची व्यवस्थापनसंस्था सुरू झाली. बेळगावात कर्नाटक लॉ सोसायटीने १९९१ मध्ये असे वर्ग सुरू केले. सिडनहॅमपासून बेळगावपर्यंत हे अंतर तोडायला अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे आपण म्हणत आलो. वाणिज्य महाविद्यालयांनी, मला वाटते, मध्यमाचे शिक्षण देऊन कनिष्ठाचे उमेदवार तयार केले. पदवीधर बँकेत गेले, विमा कंपनीत गेले, सरकारी कचेरीत गेले. यात दोष देण्यासारखे काही नाही; ज्याच्या घरी पेढी नाही त्याने पदवी घेऊन बसावे तरी कोठे? परंतु उत्तमापर्यंत, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत, ही विद्या पोहोचली का? १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी निपाणीला शेतकऱ्यांनी रस्ता रोखून धरला. शरद जोशी त्या आंदोलनाचे नेते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. त्या आंदोलनाच्या मुळाशी एक हिशेबच होता: एक किलो तंबाखू पिकवायला येणारा खर्च आणि बाजारात हातात पडणारी किंमत. तो हिशेब मांडायला शेतकऱ्यांनी कोणत्या महाविद्यालयात शिकावे, याची सोय तेव्हा कोठेच नव्हती. त्यांनी तो सभांच्या मांडवात शिकला.

भाषेचा मुद्दा राहिला. सिडनहॅममध्ये सारे इंग्रजीत चाले, आणि डेबिट-क्रेडिट शिकून आलेल्या पदवीधराला आपल्याच चुलत्याची नावे-जमा वाचता येत नसे. कारण ती मोडीत असे. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर पारिभाषिक शब्दांचे काम नेटाने झाले. ताळेबंद, भागभांडवल हे शब्द वृत्तपत्रांत रुळले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेलेल्या आपल्या भागात मात्र दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला वाणिज्य शाखेत गेल्यावर बहुतेक ठिकाणी इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो. या शाळेतून वाणिज्याकडे गेलेल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी मी मुद्दाम बोललो. खतावणी हा शब्द त्यांनी ऐकला होता, आजोबांच्या तोंडून. तीच आपली लेजर, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जमेची बाजू डावी आणि नावेची उजवी, ही आपल्या कीर्दीची जुनी रीतही त्यांना नवी होती.

म्हणून एक विनंती करतो. बेळगावच्या रविवार पेठेत, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि आपल्या गावांतल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर लाल कापडात बांधलेल्या वह्या अजून पडून आहेत. दर दिवाळीला त्यांतल्या काही रद्दीत जातात. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील, त्यांनी दोन-चार तरी शाळेच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. मोडी वाचून देण्याचे काम माझे. नववी-दहावीच्या मुलांना शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेण्याची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली आहे. एक जुनी आडतीची वही माझ्याकडे आली आहे. पहिला तास तिच्यावरच घेऊ.