आवडती चित्रे कोठे गेली?

जुन्या चित्रपटांविषयी बोलू लागले की बोलणाराचा स्वर आपोआप हळवा होतो, आणि हळवा स्वर इतिहासास फारसा मानवत नाही. ‘काय ते चित्र आणि काय तो काळ!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ते चित्र म्हणजे प्रत्यक्षात कोणती वस्तू होती, ती कोणी जपली आणि कोणी मोडीत घातली, याची चौकशी करण्याचे सहसा कोणास सुचत नाही. मी स्वतः जुन्या चित्रांचा जुना भोक्ता आहे. तरीही मला आज जे सांगावयाचे आहे ते थोडे कडू आहे. आपली पुष्कळशी आवडती चित्रे आपण प्रेक्षकांनीच पाहून पाहून संपविली, असे माझे मत आहे.

हे मत मुंबई-पुण्याच्या रसिकांपेक्षा आमच्या किनवटसारख्या गावच्या माणसास लवकर पटेल. किनवट १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि पुढे १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. आठवडी बाजारात मराठी, तेलुगु, उर्दू, गोंडी आणि बंजारा या साऱ्या बोली एकाच तागडीभोवती ऐकू येत. अशा मुलखास मूकपट फार सोयीचा. पडद्यावरची अक्षरे कोणी वाचो न वाचो, रडणे आणि हसणे सर्वांस एकसारखेच कळते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, चित्र बोलू लागले, आणि त्याच क्षणी प्रेक्षकांच्या भाषावार पंगती पडल्या. बोलपटाने आम्हांला पुष्कळ दिले हे खरे. पण सीमेवरच्या गावाकडून काही काढूनही घेतले, हे शहरातील टीकाकारांच्या ध्यानी क्वचितच येते.

चित्रपटाची प्रत शहरातून निघून तालुक्याच्या गावी आणि तेथून जत्रेच्या तंबूत येईपर्यंत तिचे आयुष्य सरत आलेले असे. मी १९७० नंतरच्या काळातील तंबू पाहिले आहेत. पुरुष एका अंगास, बायका दुसऱ्या अंगास, मधे दोरी; आणि ज्यांना पुढे जागा मिळत नसे ते पडद्याच्या मागे बसत. तेथून नायक डावखुरा दिसे आणि अक्षरे उलटी, पण रडू मात्र सुलटेच येई. चित्र मध्येच तुटले की शिट्ट्यांचा कल्लोळ उठे. यंत्रचालक घाईने तुटलेली टोके कापी, चिकटद्रव लावून जोडी आणि पुन्हा प्रकाश सोडी. आता हिशेब करा. बोलपटात दर सेकंदास २४ चित्रे यंत्रापुढून सरकतात. एका जोडास सहा चित्रे कापली गेली, तर पाव सेकंद गेला. पाव सेकंदाने काय बिघडते? एका रात्री काही नाही. परंतु ज्या चित्रास गर्दी अधिक त्याचे खेळ अधिक, ज्याचे खेळ अधिक त्याची तुटातूट अधिक. आणि ज्या प्रसंगावर लोक बेभान होत, तोच तुकडा पुन्हा लावण्याची फर्माईश होई. कंटाळवाणे चित्र डब्यात सुरक्षित राही, लाडके चित्र झिजे. त्या शिट्ट्यांची आठवण आज मला गोड वाटते, आणि तीच त्या चित्राच्या मुळावर आलेली होती!

याचे मोठे उदाहरण दादासाहेब फाळके यांचेच आहे. १९११ साली गिरगावातील तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्र पाहून त्यांच्या मनाने घेतले की असाच कृष्ण आणि असाच राम आपणही पडद्यावर आणावा. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी यंत्र आणले, आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. आज हाती आहेत ते दीड हजार फुटांहूनही कमी. तेही १९१३ चे मूळ चित्र की १९१७ साली फाळक्यांनी नव्याने घेतलेले, याविषयी जाणकारांत वाद आहे. त्या उरलेल्या तुकड्यात राणीवशाच्या जलक्रीडेचा प्रसंग आहे. ओल्या लुगड्यांतील साऱ्या स्त्रिया पुरुष आहेत, हे प्रेक्षकास तत्काळ कळते आणि तरीही हसू येत नाही. तारामती झालेले साळुंके हे पूर्वी एका खानावळीत स्वयंपाकी होते. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच झाले. ‘लंकादहन’ने लोकांस वेड लावले, उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली अशी दंतकथाच त्याच्यामागे लागली. आणि आज त्याचे काही तुटक भागच काय ते उरले आहेत. माझ्या मते या अवस्थेस ती लोकप्रियताही जबाबदार आहे.

त्या मानाने १९१९ चे ‘कालियामर्दन’ पुष्कळसे शाबूत आहे, आणि मला विचाराल तर फाळक्यांच्या प्रतिभेचा खरा साक्षी तोच. कृष्णाची भूमिका त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली. आरंभीच ती केवळ मुद्रेने भाव दाखवून जाते. मूल अभिनय करते आहे की खेळते आहे हे सांगता येत नाही, आणि पडद्यावर कृष्ण असावयाचा तो असाच. ‘हरिश्चंद्रा’स पहिलेपणाचा मान मिळाला. मी मात्र ‘कालियामर्दना’स वरचे स्थान देईन, अभ्यासक रागावोत.

फाळक्यांच्या एका लहान उद्योगाविषयी मला विशेष हळहळ वाटते. १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हे चित्र केले. त्यात आगपेटीतील काड्या हलवून, एकेक चित्र टिपून, त्यांस जिवंत केले होते. पुढे प्रभात कंपनीनेही १९३४ साली ‘जंबूकाका’ नावाचे व्यंगचित्र काढून पाहिले. आज ज्यांच्या बालपणी दूरचित्रवाणीवर व्यंगपट चालत आणि घरोघर व्हिडिओ गेम आले, ती मंडळी त्यांची आठवण काढून उसासे टाकतात. टाकोत बापडी. पण त्यांच्या खेळाची खोकी आणि आमच्या रिळांचे डबे यांत तात्त्विक भेद नाही. दोन्ही वस्तू आहेत, आणि वस्तू नासतात.

प्रभातचे नाव निघाले, म्हणून ‘संत तुकारामा’विषयी बोलल्यावाचून राहवत नाही. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरास दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी कंपनी काढली. १९३३ साली ती पुण्यास आली. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी ‘तुकाराम’ दिला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. तो मार्दवाचा संस्कार त्यांच्या तुकोबात उतरला आहे. परंतु चित्र पेलते ते गौरीबाईंनी. त्यांची जिजाई चिडते, म्हशीची उस्तवार करते, पोरांच्या पोटाची काळजी वाहते, आणि वैकुंठाचे विमान आले तरी तिचे पाय शेणामातीतच राहतात. शांताराम आठवले यांनी या चित्रासाठी रचलेले एक गीत लोक तुकोबांचाच अभंग समजून गाऊ लागले. कवीस याहून मोठी पावती कोणती, आणि याहून मोठा अन्याय तरी कोणता? शांतारामबापूंचे ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ ही थोर चित्रे आहेत. त्यांत विचार अधिक आहे. पण तंबूतील बाईस विचारले असते, तर तिने जिजाईच निवडली असती, आणि मी तिच्याच बाजूचा आहे.

प्रभात १९५३ साली मिटली. त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि १९६४ साली पुण्यासच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तेथे पी. के. नायर या गृहस्थाने आयुष्य वेचले. फाळके कुटुंबियांकडून त्यांनी जुनी रिळे मिळविली नसती, तर मघाशी मी वर्णिलेली मंदाकिनी आपल्यास दिसलीच नसती. भारतात मूकपट तेराशेच्या आसपास निघाले असे मानतात. त्यांपैकी पूर्ण किंवा अर्धेमुर्धे उरलेले दोन-तीन डझनांच्या पलीकडे जात नाहीत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ याची एकही प्रत नाही. ‘सावकारी पाश’ हे बाबूराव पेंटरांचे १९२५ चे मूकचित्र गेले. ते पाहिलेले लोकही आता गेले.

सारा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणे मात्र न्यायाचे नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती उन्हाळ्यात आपण होऊन कुजते, भुकटी होते आणि भडकन पेटते. जुन्या रिळांतील चांदी काढून घेण्यासाठीही ती विकली जात; काल ज्या चित्रासाठी रांगा लागत, ते आज वजनावर जाई. आणि जे जपून ठेवले तेही सुरक्षित होतेच असे नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून तेथील जुन्या चित्रांची रिळे जळाली.

फिरत्या तंबूंचा धंदा आता जवळजवळ मिटला आहे. त्या मालकांपैकी, यंत्रचालकांपैकी किंवा जुन्या चित्रगृहवाल्यांपैकी कोणाच्या माळ्यावर पत्र्याचे गंजलेले डबे अजून असतील. माझे एवढेच सांगणे आहे, की ते मोडीवाल्यास देऊ नयेत. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला तर ती पुढच्या काळातील फिल्म आहे; ती कुजू लागली आहे, पण तिच्यातून अद्याप काही वाचण्याजोगे असते. फिल्म पिवळी, चिकट किंवा भुकटी झालेली असली तर ती नायट्रेटची असण्याचा संभव आहे. ती उन्हात पसरू नये, जवळ दिवा किंवा विडी आणू नये, आणि घरात न हाताळता पुण्याच्या संग्रहालयास कळवावे. डब्यावर चिठ्ठी असल्यास ती फाडू नये. पुष्कळदा चित्राचे नाव तेवढ्याच कागदावर उरलेले असते.