स्वच्छमंडलाचे व्रणरोपण
स्वच्छमंडलाचे व्रणरोपण : डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाला (स्वच्छमंडलाला) झालेली जखम भरून येण्याची प्रक्रिया. या पटलात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे त्वचेप्रमाणे रक्त गोठून व खपली धरून ही जखम भरत नाही. तिच्या कडेच्या कोशिका (पेशी) प्रथम पसरून व सरकून उघडा भाग झाकतात आणि त्यांचे विभाजन नंतर वाढते. कोशिकांना ही सूचना कशी मिळते, या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात नेत्रवैद्यकाबाहेर झाली.

अमेरिकेतील सेंट लूइस येथे रीटा लेव्ही-मोंताल्चीनी व स्टॅन्ली कोएन हे तंत्रिका-वृद्धिघटकावर संशोधन करीत होते. उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क टोचलेल्या नवजात पिलांचे डोळे नेहमीच्या १२–१४ दिवसांऐवजी ६–७ दिवसांतच उघडतात, असे कोएन यांना आढळले. अर्कातील अशुद्धीचा परिणाम म्हणून हे सोडून देणे सोपे होते. कोएन यांनी त्याचाच पाठपुरावा केला व १९६२ मध्ये त्यास कारणीभूत असलेले प्रथिन वेगळे केले. हाच बाह्यत्वचा-वृद्धिघटक होय. त्यामुळे स्वच्छमंडलाच्या अधिस्तरातील (सर्वांत बाहेरच्या थरातील) कोशिकांची संख्या वाढते, हे सॅव्हेज व कोएन यांनी १९७३ मध्ये दाखविले. लेव्ही-मोंताल्चीनी व कोएन यांना १९८६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा घटक कोशिकेच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहीला चिकटला म्हणजे ग्राहीचा आतील भाग एंझाइमाप्रमाणे कार्य करू लागतो व संकेत केंद्रकापर्यंत पोहोचतो. दुखावलेल्या कोशिकांतून बाहेर पडणारे एटीपी शेजारच्या कोशिकांत कॅल्शियमाची लाट उठविते, तसेच कोशिकापटलाला जखडलेले वृद्धिघटक सुटे होऊन हाच ग्राही उद्दीपित होतो, असे पुढे दिसून आले.

तथापि संकेत ऐकणारी कोशिकाच उरली नसेल, तर तो व्यर्थ जातो. तंबाखूबरोबर खाण्याचा चुना किंवा अंबरनाथ–बदलापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यांतील रासायनिक कारखान्यांत वापरले जाणारे दाहक क्षार डोळ्यात उडाल्यास नेमके हेच घडू शकते. स्वच्छमंडल व श्वेतपटल यांच्या सीमेवरील मूलकोशिका जळाल्या की पांढऱ्या भागावरील आवरण बुबुळावर चढते व दृष्टी जाते. अधिस्तराची झीज कडेकडून भरून निघते, हे थॉफ्ट व फ्रेंड यांनी १९८३ मध्ये मांडले होते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील वीरेंद्र संगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर तुलनेने सोपी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत निरोगी डोळ्याच्या सीमेवरील सु. २ मिमी. ऊतकाचे बारीक तुकडे करून ते जखमी डोळ्यावर, उल्बपटलावर (गर्भावरणाच्या पातळ पटलावर) मांडतात. प्रयोगशाळेत कोशिका वाढवाव्या लागत नाहीत.

संवेदी तंत्रिका निकामी झाल्याने न भरणाऱ्या स्वच्छमंडलाच्या जखमांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये थेंबांच्या रूपात मान्यता मिळाली, ती मात्र कोएन यांच्या घटकाला नव्हे, तर सेंट लूइस येथील मूळ शोधविषय असलेल्या तंत्रिका-वृद्धिघटकाला.