रानपिंगळ्याची चिठ्ठी

हौशी निरीक्षक आणि पंडित संशोधक यांचें नातें कशावर टिकतें, असा प्रश्न कोणी केल्यास आम्ही खानदेशांतील एका लहानशा घुबडाची हकीकत त्याच्यापुढें ठेवूं.

राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळें ॲलन ह्यूम हें नांव वाचकांस परिचित आहेच. हेच गृहस्थ हिंदुस्थानांतील पक्षिविद्येचेहि अध्वर्यु होत. सन १८७२ पासून त्यांनीं चालविलेल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकांत सरकारी नोकरींतील अनेक हौशी लोक आपलीं निरीक्षणें कळवीत. त्यांपैकींच ब्लुइट यांनीं १८७२ सालीं हल्लींच्या छत्तीसगडांत रानपिंगळ्याचा पहिला नमुना मिळविला. पुढील वर्षीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करतांना ह्यूमसाहेबांनीं पक्ष्यास नांव दिलें तें ब्लुइटचें. देणाऱ्याचें ऋण मान्य करण्याची ही रीत खरोखर अनुकरणीय होय.

पुढें जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें १८८० नंतर खानदेशांत या पक्ष्याचे आणखी नमुने गोळा केले. नमुन्यास बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, दिवस आणि गोळा करणाराचें नांव असतें. शास्त्राची सारी भिस्त या चिठ्ठीवर. परंतु कर्नल माइनर्ट्झहागेन यानें लंडनच्या संग्रहालयांतून डेव्हिडसनचा एक नमुना चोरला, तो नव्यानें भरला आणि गुजराथेंतील मांडवी येथें १९१४ सालीं आपणच तो मिळविल्याची चिठ्ठी त्यास बांधली.

परिणाम काय झाला? १८८४ नंतर रानपिंगळा कोणास दिसला नव्हता, आणि या खोट्या नोंदीनें शोधकांस भलत्याच वाटेस लावलें. अखेर पामेला रासमुसेन यांनीं नमुने बारकाईनें तपासून ही लबाडी ओळखली. खोटी नोंद बाजूस सारून त्या दोघां सोबत्यांसह डेव्हिडसनच्या खानदेशाकडे वळल्या. आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें, तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांतील शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत आढळला! जळगांव जिल्ह्यांतील यावलच्या रानांतहि तो पुढें नोंदला गेला.

कोणी म्हणेल, नांवाचें एवढें काय? पण येथें नांवाबरोबर गांवहि चोरीस गेलें, आणि गांवाबरोबर पक्षी हरवला. हौशी माणसानें पाहिलें तेवढेंच लिहावें. संशोधकानें त्याचें नांव पुसूं नये, आणि त्या नोंदीचें पुढें काय झालें तें त्यास कळवावें. हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे. सत्य टिकविण्याचा तोच मार्ग आहे.