सर्वव्यापी संगणन

सर्वव्यापी संगणन ही संगणकशास्त्रातील एक संकल्पना आहे. संगणक हे मेजावरचे स्वतंत्र यंत्र न राहता त्याची गणनशक्ती वस्तू, वाहने, इमारती, रस्ते व जलवाहिन्या यांत विखुरली जावी आणि माणसाने मुद्दाम लक्ष न देताही तिचे काम चालू राहावे, असा या संकल्पनेचा आशय आहे. भोवतालातील बदल टिपणारे संवेदक, म्हणजेच सेन्सर, हा या व्यवस्थेचा पाया होय. टोलनाक्यावर आपोआप कापला जाणारा पथकर, लसींच्या शीतपेटीचे दूरवरून पाहता येणारे तापमान आणि पाण्याच्या मीटरचे आपोआप होणारे वाचन ही तिची परिचित उदाहरणे आहेत. उद्योगांच्या कार्यप्रक्रिया आणि शहरांचे व्यवस्थापन या दोन्ही क्षेत्रांत तिचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. यंत्रणा नजरेआड राहणे हे तिचे बलस्थान आहे. मात्र त्याच कारणाने कोठे काय मोजले जाते, त्यावरून निर्णय कोण घेतो आणि त्या निर्णयाला उत्तरदायी कोण, हे प्रश्नही नजरेआड होऊ शकतात.

संकल्पनेचा उगम

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर (१९५२–१९९९) यांनी १९८८ च्या सुमारास ही संज्ञा वापरात आणली. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात एकविसाव्या शतकातील संगणकाविषयी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि ही कल्पना संशोधकांच्या वर्तुळाबाहेर पोहोचली.

वायझर यांनी लेखनकलेचे उदाहरण दिले होते. रस्त्यावरची पाटी दिसताच तिचा अर्थ मनात उमटतो; आपण अक्षरे लावत आहोत याची जाणीवही होत नाही. तंत्र पूर्णपणे अंगवळणी पडले की ते असे अदृश्य होते. संगणकाचेही तसेच व्हावे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या प्रयोगशाळेत सुमारे एक इंच, एक फूट व एक यार्ड या तीन आकारमानांची साधने तयार करण्यात आली. त्यांना अनुक्रमे टॅब, पॅड व बोर्ड अशी नावे होती. एका खोलीत शंभरावर टॅब, दहा-वीस पॅड आणि एक-दोन बोर्ड असतील, असे चित्र त्यांनी रंगविले होते.

याच सुमारास इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत ‘ॲक्टिव्ह बॅज’ हा प्रयोग झाला. कर्मचाऱ्याच्या अंगावरील बिल्ला दर १५ सेकंदांच्या सुमारास अवरक्त किरणांद्वारे आपला सांकेतिक क्रमांक प्रसारित करी. खोल्यांतील संवेदक तो टिपत आणि त्यावरून दूरध्वनी संबंधित व्यक्ती असेल त्या खोलीत वळविता येई. सोयीसाठी केलेली नोंद ही पाळतही ठरू शकते, हा मुद्दा या प्रयोगापासूनच चर्चेत आला.

१९९९ मध्ये केव्हिन ॲश्टन यांनी ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ ही संज्ञा वापरली. मराठीत तिच्यासाठी ‘वस्तूंचे आंतरजाल’ असा शब्दप्रयोग आढळतो. या दोन संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. तथापि वस्तूंच्या आंतरजालात वस्तू जाळ्याशी जोडण्यावर भर असतो, तर सर्वव्यापी संगणनात माणूस आणि यंत्र यांच्या नात्यावर.

कार्यपद्धती

या व्यवस्थेचे काम चार टप्प्यांत चालते : संवेदन, वहन, अर्थनिर्णय आणि कृती.

संवेदन : संवेदक एखाद्या भौतिक राशीचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. तापमान बदलले की काही पदार्थांचा विद्युतरोध बदलतो. त्यावरून तापमान कळते. वाहनातील लोखंडामुळे त्या ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो. रस्त्यात पुरलेला संवेदक त्यावरून वाहन उभे असल्याचे ओळखतो. यंत्राच्या धारव्यात, म्हणजे बेअरिंगमध्ये, झीज झाली की त्याच्या कंपनांचे स्वरूप बदलते.

वहन : संवेदकाने टिपलेली माहिती तारेने, मोबाइल जाळ्याने किंवा अल्प ऊर्जेवर चालणाऱ्या रेडिओ पद्धतीने पुढे जाते. शहरभर पसरलेल्या हजारो संवेदकांच्या बॅटऱ्या वारंवार बदलणे परवडत नाही. त्यामुळे थोडीच माहिती ठरावीक अंतराने पाठविण्याकडे कल असतो.

अर्थनिर्णय : नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. टाकीतील पाण्याची पातळी उतरली, ती नागरिकांच्या वापरामुळे की गळतीमुळे, हे ठरविण्यासाठी वेळ, ऋतू, पूर्वीच्या नोंदी व इतर संवेदकांची वाचने यांचा मेळ घालावा लागतो.

कृती : झडप बंद करणे, गोदामात मागणी नोंदविणे, कर्मचाऱ्याला सूचना देणे ही अंतिम पायरी होय. पहिले तीन टप्पे निर्दोष असूनही सूचना मिळाल्यावर धावून जाणारा कर्मचारी नसेल, तर सर्व खर्च वाया जातो.

व्यवसाय प्रक्रियांतील उपयोग

मालाची ओळख व साठा : २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय येथील एका दुकानात च्युइंगगमच्या पुड्यावरील बारकोड वाचला गेला. किरकोळ विक्रीत बारकोडच्या वापराची ही सुरुवात मानली जाते. बारकोड वाचण्यासाठी तो यंत्रासमोर धरावा लागतो. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या आरएफआयडी पट्टीला ही अट नसते. वाचकयंत्राच्या लहरींतूनच ऊर्जा मिळत असल्याने साध्या पट्टीला बॅटरी लागत नाही आणि अनेक पट्ट्या जवळजवळ एकाच वेळी वाचता येतात. २००३ मध्ये अमेरिकेतील वॉलमार्ट कंपनीने आपल्या १०० प्रमुख पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत मालाच्या खोक्यांना अशा पट्ट्या लावण्यास सांगितले. धातू व द्रवपदार्थ यांच्यामुळे वाचनात येणारे अडथळे आणि पट्टीची किंमत यांमुळे हा बदल अपेक्षेपेक्षा सावकाश झाला.

देखभाल : ठरावीक मुदतीनंतर यंत्र उघडण्याऐवजी त्याची प्रत्यक्ष स्थिती पाहून दुरुस्ती करण्याची पद्धत संवेदकांमुळे रूढ झाली. तिचा परिणाम व्यवहाराच्या स्वरूपावरही झाला. विमानाच्या इंजिनाच्या देखभालीसाठी उड्डाणाच्या तासांनुसार मोबदला घेण्याची योजना ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने १९६२ मध्ये सुरू केली होती आणि पुढे रोल्स-रॉइसने ती चालविली. उड्डाणादरम्यान इंजिनाची माहिती मिळू लागल्यावर अशा करारांना भक्कम आधार मिळाला. इंजिन बंद राहिले तर तोटा उत्पादकाचाही होत असल्याने बिघाड आधी ओळखण्यात त्याचेही हित असते.

शीतसाखळी : बहुतेक नित्याच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेने लस बिघडते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु हिपॅटायटिस-बी सारखी लस गोठल्यानेही निकामी होते आणि बाटलीकडे नुसते पाहून ते ओळखू येईलच असे नाही. भारतातील ‘ई-व्हिन’ या शासकीय प्रणालीत आरोग्यकेंद्रांतील लससाठ्याच्या नोंदी मोबाइलवरून होतात आणि शीतकपाटांचे तापमान संवेदकांद्वारे कळते. कपाटाचे तापमान मर्यादेबाहेर गेले तर संबंधितांना सूचना मिळते. बालकाला टोचलेली लस प्रभावी आहे की नाही, हे या साखळीतील प्रत्येक कड्यावर अवलंबून असते.

पथकर : भारतात राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी फास्टॅग ही आरएफआयडी पट्टी वाहनाच्या पुढील काचेवर लावतात. नाक्यावरील यंत्र पट्टीचा क्रमांक वाचते आणि तिच्याशी जोडलेल्या खात्यातून रक्कम वळती होते. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून फास्टॅग सक्तीचा झाला. मालवाहतुकीच्या ई-वे बिल व्यवस्थेशीही तो जोडण्यात आला आहे. अशा रीतीने एका उद्देशासाठी केलेली नोंद दुसऱ्या उद्देशासाठीही उपयोगी पडते. ही या तंत्राची उपयुक्तता आहे आणि त्याच्यावरील आक्षेपाचे एक कारणही.

शहरांतील उपयोग

वाहतूक : सिंगापूरमध्ये १९७५ पासून शहराच्या मध्यभागी जाण्यासाठी कागदी परवाना लागत असे. १९९८ मध्ये त्याची जागा इलेक्ट्रॉनिक आकारणीने घेतली. वाहनातील उपकरण आणि रस्त्यावरील कमानी यांच्यातील संदेशवहनावर ही व्यवस्था उभी राहिली. स्थळ व वेळ यांनुसार दर बदलता येत असल्याने गर्दी नियंत्रित करण्याचे ते साधन ठरले. स्पेनमधील सांतांदेर या सुमारे पावणेदोन लाख लोकवस्तीच्या शहरात युरोपीय प्रकल्पाच्या साहाय्याने सुमारे १२ हजार संवेदक बसविण्यात आले. त्यांतील काही रस्त्याखाली पुरलेले असून वाहनतळातील मोकळ्या जागा दाखवितात.

पाऊस व पूर : २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच काळात कुलाबा येथे केवळ ७४ मिलिमीटरच्या सुमारास पावसाची नोंद झाली. एकाच शहरातील दोन वेधशाळांच्या नोंदींतील हे अंतर पाहता, थोड्या ठिकाणच्या मोजमापावरून संपूर्ण शहराची स्थिती कळत नाही, हे स्पष्ट झाले. त्यानंतर शहरात स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारण्यात आले. जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा प्रणाली सुरू झाली. पावसाचा अंदाज, भरती-ओहोटी आणि भूभागाची उंची-सखलता यांचा एकत्रित विचार करून कोणत्या भागात पाणी साचेल याचे पूर्वानुमान ती देते.

पाणीपुरवठा : सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील मलकापूर या छोट्या शहराने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस चोवीस तास पाणीपुरवठा सुरू केला. त्यासाठी रेडिओ लहरींद्वारे वाचन देणारे मीटर बसविण्यात आले. मात्र केवळ मीटरमुळे ही योजना चालली नाही. नवी जलवाहिनी-व्यवस्था आणि वापर वाढेल तसा वाढणारा दर यांचीही तिला जोड होती. मोजमाप, दर आणि पुरवठा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर लहान नगरपालिकाही असे तंत्र राबवू शकते, हे या उदाहरणातून दिसते.

स्मार्ट सिटी अभियान : भारत सरकारने २५ जून २०१५ रोजी हे अभियान सुरू केले आणि त्याखाली १०० शहरे निवडली. जानेवारी २०१६ मधील पहिल्या २० शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील पुणे व सोलापूर यांचा समावेश होता. पुढे नागपूर, नाशिक, ठाणे आदी शहरे आणि गोव्यातील पणजी यांची निवड झाली. या शहरांत उभारलेल्या एकात्मिक नियंत्रण केंद्रांत कॅमेरे, वाहतूक दिवे, घनकचरा गाड्या इत्यादींची माहिती एकत्र येते. कोविड-१९ च्या साथीत अनेक शहरांनी या केंद्रांचा समन्वयासाठी वापर केला.

मर्यादा व टीका

संवेदकाचे वाचन म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. स्वस्त वायुप्रदूषणमापकांवर आर्द्रतेचा परिणाम होतो. ठरावीक काळाने प्रमाणित यंत्राशी त्यांची तुलना केली नाही, तर त्यांचे आकडे फसवे ठरतात.

मोजमाप कोठे होते, यावर कोणाची अडचण नोंदली जाईल हे अवलंबून असते. अमेरिकेतील बॉस्टन शहरात ‘स्ट्रीट बम्प’ हे ॲप वापरण्यात आले. चालत्या मोटारीतील मोबाइलला बसणाऱ्या हादऱ्यांवरून ते रस्त्यातील खड्डे ओळखत असे. परंतु गरीब व वृद्ध नागरिकांकडे स्मार्टफोनचे प्रमाण कमी असल्याने त्यांच्या वस्त्यांतील खड्डे नोंदीतून सुटण्याचा धोका अभ्यासकांनी दाखवून दिला. जेथे यंत्र नाही, तेथे तक्रारच नाही असा समज प्रशासनाने करून घेतल्यास सुस्थितीतील भागाकडेच अधिक निधी वळू शकतो.

सुरक्षितता हा आणखी एक प्रश्न आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे व तत्सम उपकरणे मोठ्या संख्येने ताब्यात घेतली. त्यांच्या साहाय्याने झालेल्या हल्ल्यामुळे ऑक्टोबर २०१६ मध्ये अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली.

खासगीपणाच्या प्रश्नावरून कॅनडातील टोरंटो येथील प्रकल्प विशेष गाजला. गूगलच्या मातृसंस्थेच्या ‘साइडवॉक लॅब्ज’ या कंपनीने २०१७ मध्ये तेथील सागरसदृश सरोवराकाठी संवेदकयुक्त वसाहतीची योजना जाहीर केली. नागरिकांच्या माहितीवर मालकी कोणाची, यावरून तीव्र वाद झाला. मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन योजना मागे घेतली.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. माहिती गोळा करणाऱ्याने तिचा उद्देश सांगून संमती घ्यावी, हे त्यातील प्रमुख सूत्र आहे. परंतु देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी शासकीय संस्थांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. शिवाय संमतीची कल्पना मोबाइलच्या पडद्याला लागू करणे सोपे असले, तरी रस्त्यावरून चालणाऱ्या पादचाऱ्याची संमती खांबावरील कॅमेऱ्याने कशी घ्यावी, याचे सोपे उत्तर नाही. संवेदक कोठे बसविले आहेत, ते काय टिपतात, नोंदी किती काळ जपल्या जातात आणि चूक झाल्यास दाद कोणाकडे मागावी, ही माहिती जाहीर करणे हा त्यावरील एक उपाय म्हणून अभ्यासक सुचवितात.

हेही पाहा

वस्तूंचे आंतरजाल
आरएफआयडी
स्मार्ट सिटी अभियान
खासगीपणाचा अधिकार