शाहनवाज खान: बडतर्फी आणि मंत्रिपद

आझाद हिंद सेनेविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा लाल किल्ल्यातील खटल्यापाशी येऊन थांबते. आरोपी सुटले, जयजयकार झाला, पडदा पडला. आम्हांस कुतूहल आहे ते त्यापुढचे.

शाहनवाज खान यांचा जन्म १९१४ सालचा, रावळपिंडी जिल्ह्यातील मटोर गावचा. घराणे सैनिकी पेशाचे, शिक्षण डेहराडूनच्या लष्करी विद्यालयातले, नेमणूक १४व्या पंजाब रेजिमेंटमध्ये. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ते युद्धकैदी झाले. मोहनसिंगांच्या सेनेविषयी ते आरंभी साशंक होते. सुभाषबाबू आले तेव्हा मात्र ते पुरते त्यांचे झाले. १९४४ साली सुभाष ब्रिगेड घेऊन ते ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढले आणि मे १९४५ मध्ये पेगूजवळ पकडले गेले.

खटला ५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला. बचावाची बाजू मुंबईचे भुलाभाई देसाई यांनी मांडली. निकाल सर्वांस ठाऊक आहे, पण अर्धाच. ३ जानेवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. बडतर्फी आणि वेतनजप्ती मात्र कायम ठेवली. तिघे वीर ठरले, पण सैनिक उरले नाहीत. स्वातंत्र्यानंतरही त्यांच्या सेनेतील लोकांना भारतीय सैन्यात परत घेतले गेले नाही. शपथ मोडणारे आणि पाळणारे एकाच पंक्तीत बसवले तर शिस्त ढळेल, अशी वरिष्ठांची भीती होती. ती अगदीच निराधार होती असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु तिची किंमत कोणी मोजली हेही विसरता येत नाही.

गणवेश नाकारला, खुर्ची दिली. मटोर पाकिस्तानात गेले; शाहनवाज भारतात राहिले आणि १९५२ साली मेरठ भागातून लोकसभेवर निवडून आले. पुढे रेल्वे, शेती, कामगार अशी खाती त्यांनी उपमंत्री वा राज्यमंत्री म्हणून सांभाळली. त्यांचेच सहकारी, सावंतवाडी भागातले जगन्नाथराव भोसले, याच काळात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री होते. निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना काढली. फौज नाही तर नाही, निदान कवायत तरी! कोकणातल्या या सेनानीचे नाव आज किती मराठी वाचकांना आठवते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

शाहनवाज यांच्या आयुष्यातील खरी अवघड घडी मात्र १९५६ सालची. नेताजींच्या मृत्यूची चौकशी करण्यासाठी सरकारने त्रिसदस्य समिती नेमली आणि अध्यक्षपद त्यांना दिले. सोबत नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र बोस आणि सनदी अधिकारी मैत्र. समितीने ६७ साक्षीदार तपासले. विमानातून वाचलेल्या हबीबुर रहमान यांचीही साक्ष झाली. फोर्मोसाला, म्हणजे जिथे अपघात झाला त्या बेटावरच, समिती गेली नाही. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैहोकू येथे नेताजींचे निधन झाले, असा निष्कर्ष शाहनवाज आणि मैत्र यांनी नोंदवला. सुरेशचंद्रांनी त्यावर सही करण्यास नकार दिला आणि आपले वेगळे मत मांडले.

तेव्हापासून एक आरोप शाहनवाज यांच्यामागे लागला: सत्तेच्या लोभाने सेनापतीला कागदावर मारले. आम्हांस हा आरोप सवंग वाटतो. समितीच्या कामात त्रुटी होत्या, पण साक्षी बनावट होत्या असे त्यावरून ठरत नाही. १९७४ साली खोसला आयोगानेही तोच निष्कर्ष काढला. २००५ साली मुखर्जी आयोगाने तो नाकारला आणि सरकारने मुखर्जींचा अहवाल फेटाळला, म्हणून वाद आजही धुमसतो. पण ज्याच्या शब्दाखातर घराण्याचा पेशा पणाला लावला, त्याच्याच मृत्यूच्या अहवालाखाली सही करणे लोभी माणसाला सोपे गेले असते. शाहनवाज यांना ते सोपे गेले असेल असे आम्हांस वाटत नाही.

ते १९८३ साली वारले. कॅबिनेट दर्जाचे मंत्रिपद त्यांना कधी मिळाले नाही.