घरातला पडदा आणि आईचा शोक : 'लपाछपी', 'छोरी' आणि बुलढाण्याची एक वाचक

विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' हा मराठी चित्रपट १४ जुलै २०१७ रोजी चित्रपटगृहांत लागला. त्याच दिग्दर्शकाने केलेले त्याचे हिंदी रूप 'छोरी' हे २६ नोव्हेंबर २०२१ रोजी प्राइम व्हिडिओवर आले आणि चित्रपटगृहाची पायरी न चढता थेट घरात पोहोचले. ११ एप्रिल २०२५ रोजी आलेल्या त्याच्या उत्तरभागाचा मार्गही हाच होता. या प्रवासाची चर्चा प्रामुख्याने पुनर्निर्मितीच्या अंगाने झाली: मूळ सरस की अनुकरण, पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्या जागी नुसरत भरूचा आणि मीता वशिष्ठ यांनी काय साधले, इत्यादी. ही तुलना फार दूर जात नाही. संहितेचे आशयसूत्र दोन्हीकडे एकच आहे. बदलले आहे ते तिच्या ग्रहणाचे स्थळ, आणि ज्या कथेतील सारे भय घरात जन्मलेले आहे तिच्या बाबतीत हा बदल बाह्य मानता येत नाही.

कथा थोडक्यात अशी. कर्जाच्या तगाद्यामुळे शहरातून पळालेले जोडपे उसाच्या रानात दडलेल्या एका घरी आश्रयाला येते. स्त्री गरोदर आहे. घरातील वृद्धा तिला मायेने सांभाळते, आणि उसाच्या सऱ्यांतून मुलांचे हसणे ऐकू येऊ लागते. प्रेक्षकाला आरंभी ज्या बाईचे भय वाटते ती मुळात लेकरू गमावलेली आई असते, आणि जिच्या मायेचा आधार वाटतो ती वृद्धाच मुलींच्या हत्येची परंपरा पुढे नेणारी निघते. दचकवण्याच्या सर्व ठरीव क्लृप्त्या या चित्रपटात आहेत, क्वचित गरजेपेक्षा अधिकही. परंतु भूत आणि माणूस यांच्या नैतिक जागांची ही अदलाबदल त्याला भयपटाच्या रूढ रूपबंधातून बाहेर काढते. रहस्य असते ते शोकाच्या मालकीचे: या घरात कोणाला रडण्याचा अधिकार होता, आणि तो कोणी हिरावून घेतला?

फ्रॉइडने १९१९ मधील आपल्या निबंधात भयकारी अनुभवाची मीमांसा करताना 'उनहाइमलिख' या जर्मन शब्दाची व्युत्पत्ती उलगडली होती. 'हाइम' म्हणजे घर. जे घरचे, परिचित, म्हणूनच झाकून ठेवलेले, तेच अनोळखी होऊन समोर उभे राहते तेव्हा माणूस भितो. मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही; 'भीषण', 'अद्भुत', 'विलक्षण' यांपैकी कशातही घर नाही. मात्र घर हेच भयाचे मूळ आहे हा विचार मराठी गद्याला अपरिचित होता असे नव्हे. तो फ्रॉइडच्या निबंधापूर्वी सदतीस वर्षे, मानसशास्त्राचा कोणताही आधार नसताना, वऱ्हाडातील बुलढाणा या लहानशा गावी एका स्त्रीने मांडला होता.

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. घरजावई करून दिलेला विवाह, मूलबाळ नाही. निबंधाला निमित्त घडले ते सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचे. या तरुण ब्राह्मण विधवेने लोकलज्जेस्तव आपल्या नवजात अर्भकाला मारले म्हणून १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. अपिलात फाशी टळून शिक्षा सौम्य झाली. तिच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून, विशेषतः 'पुणेवैभव'मधून, एकूण स्त्रीजातीच्या अनीतीवर जी टीका झाली ती ताराबाईंनी वाचली आणि त्या लिहावयास बसल्या.

या प्रसंगाकडे स्त्रीवादी विचाराच्या इतिहासात पुष्कळ लक्ष दिले गेले आहे. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हा विसरलेला निबंध संपादित करून पुनर्मुद्रित केला, आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाल्यावर तो जगभरच्या अभ्यासक्रमांत गेला. पण ग्रहणाच्या इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट अजून पुरेशी तपासली गेलेली नाही: ताराबाई या प्रथमतः घरात बसून वाचणाऱ्या वाचक आहेत. खटला सुरतेत, वादंग पुण्यात, आणि वाचक बुलढाण्यात. न्यायालयातील किंवा सभागृहातील गर्दीचा भाग त्या नाहीत. टपालाने आलेला कागद त्या अशा जागी वाचत आहेत, जिथे वाचकाच्या भोवती त्याचे स्वतःचेच घर उभे असते. परिणामी त्यांचा प्रश्न विजयालक्ष्मी दोषी की निर्दोष याच्यापाशी थांबत नाही. तिला त्या कृत्याकडे ढकलणारे पुरुष कोठे आहेत, हे त्या विचारतात, आणि स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण उचलून पुरुषांच्या पदरात घालतात. खटल्याचे आरोपपत्र घराच्या उंबरठ्याच्या आत आणण्याचे हे काम होते. त्यासाठी त्यांना टीकाही सोसावी लागली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक झाले नाही.

निबंधातील आणखी एक भाग साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकांनी अधिक गंभीरपणे घ्यावा असा आहे. ताराबाई आपल्या काळातील मनोरंजक वाङ्मयावरही तुटून पडतात: हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८), शिवाय 'मनोरमा' नाटक. ही त्या काळची उत्कंठावर्धक संहिता होती. तुरुंग, वेषांतर, दुष्ट कारभारी, संकटातील नायिका यांनी भरलेली. तिच्यातील स्त्रिया खऱ्या स्त्रियांसारख्या नाहीत, हा ताराबाईंच्या आक्षेपाचा गाभा. मराठी कादंबरीच्या समीक्षेचा आरंभ सामान्यतः विद्वानांच्या मासिकांत शोधला जातो. अद्भुतरम्य कथेतील स्त्रीप्रतिमेची पहिल्या फळीतील चिकित्सा बुलढाण्यात झाली, ही नोंद त्या इतिहासात अद्याप कोपऱ्यातच आहे.

तरीही ताराबाईंच्या निबंधात एक रिक्तता जाणवते. त्यात संताप आहे, उपहास आहे, वकिली आहे. विजयालक्ष्मीचे आईपण मात्र जवळजवळ नाही. अर्भक मारणाऱ्या स्त्रीला अर्भकाचे दुःख असू शकते, ही शक्यता तेव्हाच्या वादाच्या भाषेत बसत नव्हती. बचाव करायचा तर लज्जा आणि अन्याय यांच्या आधाराने. शोक हा पुरावा नव्हता. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृहदेखील मूल वाचवण्यासाठी होते आणि त्याचे मोल मोठे आहे. पण ज्यांची मुले वाचली नाहीत त्या आयांचे पुढे काय झाले, याची वाचा त्या काळच्या कोणत्याच दस्तऐवजाला नव्हती.

ती वाचा लोकसमजुतीला होती. गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेली स्त्री अळवंतीण होते, असे मराठी मुलखात मानले गेले. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. तिला पुजायचे ते तिच्या कृपेसाठी, तितकेच तिच्या कोपाच्या धास्तीनेही. या समजुतींना केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्या सुधारकी दृष्टीला एक गोष्ट निसटते. दात न आलेल्या मुलाला बहुधा पुरतात, त्याचे श्राद्ध होत नाही. जन्मूच न दिलेल्या मुलीला तर नावही नसते. ज्या मृत्यूला विधी नाही त्याचा शोक कोठे जातो? फ्रॉइडच्या १९१७ च्या लेखातील भेद येथे उपयोगी पडतो. शोक करता आला तर तो संपतो. ज्याचा शोक करणे शक्य नाही ते मनात रुतून बसते आणि माणसाला आतून पोखरते. अळवंतीण हे त्या रुतलेल्या शोकाचे लौकिक रूप आहे. 'लपाछपी'ने मानसशास्त्रीय थरारपटाचा साचा पाश्चात्त्य चित्रपटांतून घेतला असेल (बुडालेल्या मुलीच्या शोकावरचा निकोलस रोगचा 'डोन्ट लुक नाऊ' १९७३ चा, पछाडलेल्या विधवा आईचा 'द बाबाडूक' २०१४ चा), पण त्यातील भुताची जात इथल्याच मातीतील आहे.

बुलढाणा जिल्ह्यात आईपणाची एक भव्य प्रतिमाही आहेच. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारीला तेथे लोटणारा जनसमुदाय सर्वांना ठाऊक आहे. पिता लखुजी जाधवराव १६२९ मध्ये देवगिरीच्या दरबारात मुलांसह मारले गेले, थोरला पुत्र संभाजी कनकगिरीच्या मोहिमेत पडला. चरित्रकार या घटना नोंदवतात आणि लगेच पुढच्या मोहिमेकडे वळतात. वीरमातेच्या रूपबंधात शोकाला दोन ओळींहून अधिक जागा मिळत नाही. आणि ज्या जिल्ह्याने ही प्रतिमा मिरवली त्याच जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९०८ होती, ती २०११ मध्ये ८५५ वर आली. राज्याचा आकडा याच दशकात ९१३ वरून ८९४ झाला. लिंगनिदानावर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून अमलात आला. म्हणजे घसरण झाली ती कायदा पुस्तकात असताना. चित्रपटातील ऊस बुलढाण्याचा नाही. येथे कापूस आणि सोयाबीन. आकडे मात्र उसाच्या आणि कापसाच्या रानांत फारसा भेद करीत नाहीत.

घरातील पडद्याचा इतिहास त्या मानाने लवकर सांगून होण्यासारखा आहे. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली, मागोमाग व्हीसीआर. मुंबईत १९६२ मध्ये पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय म्हणून सुरू झालेली शेमारू १९७९ पासून कॅसेटी भाड्याने देऊ लागली होती. पुस्तकाच्या जागी कॅसेट यावी हा योगायोग बोलका आहे. १९८४ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्याला व्हिडिओची दखल घ्यावी लागली. तालुक्याच्या गावी व्हिडिओ पार्लरे निघाली, आणि लग्नाघरी किंवा गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणून एका रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहणे रूढ झाले. पुढे व्हीसीडी आली, २००७ च्या सुमारास मोझर बेअरने तिची किंमत २८ रुपयांवर आणली, आणि त्यानंतर भ्रमणध्वनीने तबकडीही निकालात काढली. हे तंत्राचे टप्पे झाले. ग्रहणाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की १९८० च्या दशकातील व्हिडिओ घरात आला तरी सामूहिकच होता: गल्ली जमत असे, आणि कोणता चित्रपट आणायचा हे बहुधा पुरुष ठरवीत.

त्याच काळात स्त्रियांचा शोक चित्रपटगृहात जाऊन रडला. विजय कोंडके यांच्या 'माहेरची साडी'ला (१९९१) बायकांची झालेली अलोट गर्दी समीक्षकांनी पुष्कळदा कुचेष्टेने नोंदवली. ही कुचेष्टा उथळ होती. अनोळखी बायकांच्या शेजारी, अंधारात, घरच्या माणसांच्या नजरेबाहेर रडण्याची ती मुभा होती. तिला विधीचे स्वरूप होते. त्या चित्रपटाने कुटुंबसंस्थेला धक्का दिला नाही हे खरेच, पण त्याने शोकाला जागा दिली, जी घर देत नव्हते.

'छोरी'च्या प्रेक्षकाला ती जागा नाही. घरातील दिवा बहुधा चालू असतो. शेजारी नवरा असतो, सासू असते, कदाचित त्यांपैकी कोणी एके काळी तपासणीसाठी परगावी घेऊन गेलेले असते. पडद्यावर वृद्धा गरोदर स्त्रीला दूध देते तेव्हा घरातील सर्वजण ते एकत्र पाहतात आणि कोणी काही बोलत नाही. चित्रपटगृहात आरोप 'समाजा'वर होतो. दिवाणखान्यात तो शेजारी बसलेल्यांवर होतो. यात सामर्थ्य आहे तसा धोकाही. घरच्या पडद्याला थांबवता येते, पुढे सरकवता येते, दुसरे काही लावता येते. आणि रिमोट कोणाच्या हाती आहे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. उलट, रात्री सगळे झोपल्यावर कानाला श्रवणयंत्रणा लावून भ्रमणध्वनीवर एकटीने हा चित्रपट पाहणारी स्त्री ही नवी प्रेक्षक आहे. तिच्यापाशी 'माहेरची साडी'ची सोबत नाही. ताराबाईंचे एकांतातील वाचन मात्र आहे.

शीर्षकाचा बदल याच संदर्भात पाहावा. 'लपाछपी' हे नाव खेळाचे. ते रहस्य राखते, कोण लपले आणि कोणी लपवले हे शेवटपर्यंत सांगत नाही, आणि तिकीट काढून आलेल्या अनोळखी गर्दीला ते शोधावयास लावते. 'छोरी' हे नाव लपवलेली गोष्ट दारावरच उच्चारते. रहस्यकथा म्हणून हा तोटाच आहे, आणि अनेकांना तो जाणवला असेल. पण यादीतून चित्रपट निवडताना घरात कोणाला तरी हा शब्द मोठ्याने वाचावा लागतो.